पंचावन्न सीसी

मोठ्या मॉडेल विमानासाठी पेट्रोल इंजिन निवडताना आवाज, कंपनी आणि शेजाऱ्यांचे मत या तिन्ही गोष्टी गौण असतात. निर्णय वजनाने होतो. विमान किती किलोचे आहे हे नक्की झाले, की किती सीसीचे इंजिन लागेल हे जवळजवळ आपोआप कळते. कारखान्याच्या तपासणी विभागात आयुष्य काढलेल्या मला हे काम सोपे वाटले, यात नवल नाही.

विमान रामहरीचे होते. आम्ही एकाच कारखान्यातून निवृत्त झालो. तो मूळचा लासूर स्टेशनचा, पण घर शहरात, छावणीत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पक्षाघाताने डावे अंग लुळे पडल्यावर त्याने पलंगावर बसून, एका हाताने, हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापल्या. दुसरे टोक धरायला करुणावहिनी असत. अशा रीतीने दहा फुटी पंखांचे पिवळे विमान उभे राहिले. इंजिन तेवढे उरले. ते निवडावे, बसवावे आणि त्याच्या डोळ्यांदेखत विमान उडवावे, एवढेच त्याने माझ्याकडे मागितले. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती, त्यामुळे उशीर करण्याची सोय नव्हती.

एवढे विमान घरगुती काट्यावर मावत नाही. ते छातीशी धरून आपणच काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करायचे, ही रूढ पद्धत. मी तसे केले. इंजिन आणि इंधन धरून नऊ किलो भरत होते. पंचावन्न सीसीचे एकेरी सिलिंडर पुरेसे होते.

"मोठं बघ," रामहरी पलंगावरून म्हणाला. "जुळं. दोन सिलिंडरचं, शंभराच्या वरलं."

"नऊ किलोला? शेळीला बैलाची वेसण घालायची आहे का?"

"तू घे तर."

"ह्यांना आंघोळीला न्यायचं तर अर्धा घंटा लागतो," वहिनी आतून म्हणाल्या, "अन् इंजिन म्हणं जुळं पाहिजे."

तो हसला. त्या वेळी तो अजून हसत असे.

मागणी नोंदवण्यापूर्वी मी पुन्हा वजन केले. दोनदा मोजल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही जुनी खोड. दीड किलो वाढले होते. प्रथम मला माझ्याच पोटाचा संशय आला. पण माझे वजन होते तेवढेच होते. मग रंग, दमट हवा, उंदरांनी आत भरलेली चिंधी, असे सारे तपासले. किराणा दुकानातून लोखंडी वजने आणून काटा पडताळला. काटा निर्दोष होता. विमानाचे पोट उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. आत लाकडाचा कोरडा वास होता, बाकी काही नव्हते.

पुढच्या आठवड्यात ते आणखी जड भरले.

तोल पाहण्यासाठी दोघांनी दोन पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचे असते. मी आणि वहिनींनी उचलले. ते नाकाकडे झुकले नाही, शेपटीकडेही नाही. कोणी आत काही ठेवले असते तर तोल ढळला असता. हे वजन अंगात रक्त असावे तसे सर्वत्र सारखे पसरले होते. आणि बोटाच्या टोकाला लाकूड कोमट लागत होते. वहिनींनी विमान खाली ठेवले, बोट पदराला पुसले आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा देताना म्हणाल्या, "आधी ह्यांना उचलायला शेजारच्या राजाबाईला हाक मारावी लागायची, भाऊजी. आता मी एकलीच उचलते. लेकरावाणी." त्यांच्या स्वरात दमलेल्या माणसाचे समाधान होते.

आजारात माणूस झिजतो, याला आश्चर्य म्हणत नाहीत. विमानाचा आणि त्याचा, हे दोन आकडे शेजारी मांडण्याचे मी टाळले.

विमान घरापासून दूर ठेवून पाहावे म्हणून मी ते सिडकोत माझ्याकडे आणले. टेम्पोत चढवताना टेम्पोवाला कडुबा धापा टाकत म्हणाला, "साहेब, विमान हाय का म्हैस?" काही दिवसांनी परत नेताना त्याने विनोद केला नाही, मुकाट्याने आणखी एक माणूस बोलावून घेतला. मूळ वजनाच्या तिपटीजवळ काटा गेला होता. रामहरीची मनगटे चादरीवर काड्यांसारखी पडली होती.

"किती भरलं?" त्याने विचारले.

मी आकडा सांगितला. तो मला अपेक्षेपेक्षा शांत वाटला.

"लई थकलो रे, सखाराम. पडून पडून बी माणूस थकतो, हे सांगावं कुणाला? निम्मा तिकडं गेलोय. इंजिन तेवढं मोठं घे. मधीच अडकायला नको."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"मोजतो तू. अन् इचारतो मला?"

मी त्याच्याशी वाद घातला. भासाला वजन नसते, असे म्हणालो. वाद मी जिंकलो, कारण त्याने उत्तर देण्याचे सोडून दिले. मग घरी येऊन मी पंचावन्न सीसीचेच इंजिन मागवले. त्यामागचा तर्क मला आजही अचूक वाटतो: जे विमान जमीन सोडत नाही, ते कोणालाही घेऊन जाऊ शकत नाही. मित्राला जायचे होते. मला तो राहायला हवा होता.

इंजिन बसवून मी त्याला दाखवले. त्या एकेरी सिलिंडरकडे तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने तोंड भिंतीकडे केले.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे एका रिकाम्या प्लॉटवर आम्ही सकाळी गेलो. पावसाळा कधीच संपला होता. मुरूम फरशीसारखा टणक झाला होता. वहिनींनी विमानाच्या पंख्याच्या पात्याला हळदकुंकू लावले. कडुबाने रामहरीला चाकांच्या खुर्चीसकट टेम्पोतून उतरवले, तेही एका हाताने, आणि त्याचे त्यालाच बरे वाटले नाही.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. आवाज निर्मळ होता.

मी पूर्ण गती दिली. विमान धावले. शेपूट उचलली गेली. चाके मात्र जमिनीवरच राहिली. ते प्लॉटच्या टोकापर्यंत तसेच धावले, बाभळीच्या झुडपात अडकले आणि बंद पडले.

पेट्रोलचा वास आला. लांब कुठे तरी कारखान्याचा भोंगा झाला.

मी चालत गेलो. कंबर सांभाळून वाकलो, दोन्ही हात पोटाखाली घातले आणि उचलले.

ते पिसासारखे वर आले. लाकूड गार होते.

मला आनंद झाला, हे मी नाकारत नाही.

"भाऊजी," मागून वहिनींची हाक आली. "जरा या इकडं. खुर्ची हलंना."

खुर्चीची चाके मुरमात निम्मी रुतली होती. रामहरी तसाच होता. गळ्याची हाडे वर आलेली, सदरा अंगावर लोंबत असलेला. कडुबा मागून रेटत होता आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. शेवटी पलीकडच्या शेडमधून माणसे बोलवावी लागली. त्यातल्या एकाने खुर्चीखाली वाकून पाहिले, काही बांधले आहे का म्हणून.

तेव्हापासून विमान पडवीत आहे. घरातला पंखा लावला की त्याच्या वाऱ्याने ते फरशीवर सरकते, म्हणून वहिनींनी विमानाच्या चाकांना विटा लावल्या आहेत.

रामहरीही आहे. माझा तर्क त्या बाबतीत खरा ठरला. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटून गेली आणि ते तपासून जाताना मान हलवतात. लाकडी पलंग मोडला. आता गादी जमिनीवर आहे. वहिनींना त्याची कूस बदलता येत नाही. पाठीला जखमा झाल्या आहेत.

काल त्याला पाणी पाजायचे होते. मान उचलायला त्यांनी मला बोलावले. मी त्याच्या मानेखाली दोन्ही हात घातले आणि गुडघे टेकून जोर लावला. डोके उशीवरून हलले नाही. वहिनी शेवटी चमच्याने त्याचे ओठ ओले करत बसल्या.

माझे हात त्याच्या मानेखाली अडकले होते. ते मी सोडवत असताना त्याने डोळे उघडले आणि अगदी अदबीने, परक्याला विचारावे तसे, मला विचारले, "साहेब, जुळं आलं का?"