गुलाबी बोटं

बाळंत व्हायच्या आदल्या दिवशी तिला कांजिण्या उठल्या. याहून वाईट वेळ नाही. आईचा आजार बाळापर्यंत पोचतो, पण त्याच्याशी लढायची तिच्या रक्तातली ताकद पोचायला वेळच मिळत नाही. इतक्या कोवळ्या जिवाला कांजिण्या झाल्या तर तो वाचेलच असं नाही. म्हणून बाळाला इंजेक्शन दिलं आणि मायलेकरांना वेगळं ठेवलं. ती वॉर्डाच्या एका टोकाला, बाळ, आम्ही त्याला टिल्लू म्हणायचो, दुसऱ्या टोकाला काचेच्या खोलीत. वॉर्डची मुख्य सिस्टर मी. माझ्या शिस्तीला सगळे वैतागलेले असतात, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

चार-पाच दिवस ठीक गेले. मग एका सकाळी टिल्लूच्या गालावर गुलाबी डाग दिसला. पुसला, तर आईच्या फोडांना लावतो त्या गुलाबी लोशनचा वास आला. मी आयाबाईंवर उखडले.

"मावशी, तिचं आवरून हात न धुता इकडे आलात?"

"लेकराची शपथ, सिस्टर! मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही."

मावशी खोटं बोलतात, पण लेकराची शपथ घेऊन कधीच नाही.

दुसऱ्या सकाळी डाग नव्हता. चार बोटं होती, गालावरून हनुवटीकडे उतरलेली.

मी तडक आईच्या खोलीत गेले. तिचा ताप उतरत नव्हता.

"खरं सांग, टिल्लूकडे गेली होतीस?"

"मला उठूनसुद्धा बसवत नाही हो, ताई." मग हळूच म्हणाली, "फक्त डोळा लागला की त्याचा गाल हाताला लागतो. मऊमऊ. स्वप्नच ना ते?" आणि रडायलाच लागली. "माझे हात बांधा. माझ्यामुळे त्याला काही झालं तर?"

"वेडी आहेस," म्हटलं, आणि तरी बांधले. दोन्ही पंजे मनगटापर्यंत पट्टीत गुंडाळले, वर चिकटपट्टी, त्यावर माझी सही. माझं मलाच हसू आलं.

सकाळी टिल्लूच्या गालावर बोटं नव्हती. गोल गुलाबी ठसा होता, आणि त्यात पट्टीची जाळी उमटली होती.

 

ठसा पुसला. खाली पाण्याचा इवलासा फोड होता.

डॉक्टरांनी धावतपळत औषध सुरू केलं. मग मी तिच्याकडे गेले. पट्ट्या जशाच्या तशा होत्या, सहीसुद्धा.

"आज काही नाही ना, ताई?"

"काही नाही. छान झोपलाय."

तिने पट्टीत गुंडाळलेला हात वर केला.

"खोटं कशाला बोलता? पट्टीतूनसुद्धा बोटाला लागला तो फोड."