येईल त्या हाकेला ओ

फोन खाली ठेवा जरा. जग खिशात घातल्यासारखे मिरवताय! माझा मेहुणाही असाच दीडशहाणा. त्याचीच गोष्ट आहे. खोटी वाटली तर माझ्या बायकोला विचारा, तिचाच भाऊ.

त्याची कंपनी दुकानांच्या वेबसाइट करते. पत्ता एकच, कंपनीचा. त्याच्या आधी ठिपका, आणि ठिपक्याआधी दुकानाचं नाव. शिंप्याचं नाव टाकलं की शिंप्याचं दुकान उघडतं, न्हाव्याचं टाकलं की न्हाव्याचं. नाव यादीत नसेल तर दारातूनच परत. साधी गोष्ट. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झालेल्यांना साधं कधी पटलंय?

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. कंपनीच्या मॅडमनी बजावलं होतं, "सकाळी या नव्या शिंप्याचं दुकान उघडलं नाही, तर सोमवारी येऊ नका." हा रात्री ऑफिसात एकटा. नाव यादीत घालायचं आणि घरी यायचं, एवढंच काम. पण दर वेळी नाव घालत बसायला आमच्या या साहेबांना कंटाळा! यानं तपासणीच काढून टाकली. ठिपक्याआधी कुठलंही नाव येवो, आत घ्या.

वर मला फोन करून फुशारकी. "भावजी, कायमची कटकट मिटवली!"

"अरे, रात्रीचं येईल त्या हाकेला ओ देऊ नये."

"तुम्ही राहू द्या, भावजी," म्हणाला आणि हसला.

बारा वाजून गेले. कोण कुठल्या नावानं आलं, ते त्याच्यासमोर पडद्यावर उमटतं. शिंपी. शिंपी. हाच तपासून बघत होता. मग...

ढब्बू.

हे याचं घरातलं नाव. शोभायचंही. पण सासूबाई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. ऑफिसात तर कुणाला माहीतही नव्हतं.

ढब्बू.

यानं घाईघाईनं तपासणी परत बसवली. शिंप्याचं नाव यादीत घातलं. आता अनोळखी नाव दारातूनच परत जायला हवं.

गेलं नाही.

ढब्बू... ढब्बू...

यानं यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. आणि याच्या तोंडून निघून गेलं...

"ओ."

पडदा थांबला. एवढं त्यानंच सांगितलं.

सकाळी शिंप्याचं दुकान उघडलं. नोकरी वाचली. मेहुणा जेवतो, कामावर जातो, विचारलं तर बोलतोही. पण बहीण हाक मारते... वळत नाही. ओ देत नाही. रोज मारते बिचारी. त्याच्यापेक्षा भिंत बरी.

एका रात्री चिडून मीच ठिपक्याआधी 'ढब्बू' टाकून तो पत्ता उघडला. यादीत ते नाव नाही, मॅडमनी दोनदा बघितलंय. तरी पान उघडलं. कोरं. मधोमध एकच अक्षर...

ओ.