भिंतीतला फाटा

दार लोटून घे रे. हं. हे माझ्या ताईच्या घरी घडलं, भाऊजींच्या बाबतीत.

तेव्हा इंटरनेट नव्हतं. एखादा हौशी माणूस आपला कॉम्प्युटर फोनला जोडून ठेवायचा, बाकीच्यांनी फोन लावून त्यातून फाइली उतरवायच्या. त्याला बोर्ड म्हणत. भाऊजी कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या बोर्डवाल्या मित्राला सगळे 'दाढी' म्हणत. नव्या घरात आल्यापासून दाढीकडची एकही फाइल धड उतरेना. भाऊजींनी मोडेम बदलला, वायर बदलली, वेग कमी करून पाहिला. फाइल अर्ध्यात खराब व्हायचीच. ताई म्हणायची, "माझ्याशी इतकं बोलला असतात तर!"

डिसेंबरातला शनिवार. रात्री साडेअकराला दाढीचाच फोन आला.

"अरे, तुझ्याकडे दुसरा फोन कोण उचलतंय? त्याचीच खरखर फाइलीत शिरतेय."

"दुसरा फोन नाहीच आमच्याकडे."

"मग आत्ता हा श्वास कुणाचा?"

भाऊजींनी कान दिला... आणि फोन ठेवला.

वायर धरून ते जिन्याखाली गेले. तिथे वायरीला फाटा फुटला होता. सरळ भिंतीत गेलेला.

"उद्या बघा ना," ताई म्हणाली.

"आता डोकं फिरलंय माझं."

हातोड्यानं भोक पाडलं. आत पोकळी. अंधारात फोनचा रिसीव्हर लोंबत होता... हलत होता.

भाऊजींनी हात घातला.

आतून कुणीतरी मनगट धरलं.

खेचलं. कोपर आत. खांदा आत. तोंड विटांवर आपटलं, दात पडले. पुन्हा खेचलं. हाड मोडलं, ते ताईनं ऐकलं...

तिनं हातोडा उचलला. शेजारची वीट फोडली. त्या फटीतून घाव घातला. मऊ लागलं. पुन्हा घातला. पुन्हा. रक्त तिच्या तोंडावर उडालं. भाऊजींचं, की...

"सोड! सोड त्यांना!"

सोडलं.

हाताच्या हाडांचे तुकडे झाले होते. बोटातली लग्नाची अंगठी गेली होती, कातडीसकट.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला घेऊन गेलो. भोकामागे भरीव वीटकाम. पोकळी नाही, फोन नाही. अख्खी भिंत पाडली. काही नाही.

शेवटची वीट गवंड्यानं सहज फोडली. शाबूत वीट, कुठे चीर नाही. त्यानं आत पाहिलं. मग दोन्ही अर्धुकं माझ्यापुढे धरली.

आत, मातीबरोबर भाजून निघालेली... भाऊजींची अंगठी.