दुसऱ्या कार्बोरेटरचा आवाज

ही गोष्ट ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. पण जयवंतमामांसमोर हसू नका. ते माझे सख्खे मामा. भांडुपला राहतात, देवभोळे नाहीत, अमावास्या-पौर्णिमा मानत नाहीत. जे घडलं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि नंतर निधीकडूनही ऐकलं. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता.

तुम्हाला वाटेल, रात्र असेल.

नव्हती. मार्च महिन्यातला रविवार होता. दुपारचे अडीच. बिल्डिंगमधली माणसं बांगड्याचं तिखलं खाऊन पंख्याखाली आडवी झालेली. मागच्या पॅसेजमध्ये लख्ख ऊन होतं.

त्या उन्हात दादांची मोटरसायकल उभी होती.

दादा म्हणजे मामांचे थोरले भाऊ, माझे मोठे मामा, राजेश. निधीचे वडील. अकरा वर्षांपूर्वी याच गाडीवर गेले. हायवेवर, मुलुंडच्या अलीकडे, पुलाच्या उतारावर. सगळे म्हणाले, वेग नडला. त्यांची बायको, रत्नप्रभामामी तर आजही म्हणते, "वेगाची खाज होती. बायको-पोरगी आठवली नाही."

मामा दर वेळी मान खाली घालून ऐकायचे.

वेग नडला नव्हता, हे जगात एकट्या मामांना माहीत होतं.

गाडी दोन सिलेंडरची, म्हणून कार्बोरेटरही दोन. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर गाडी आचके देते. दादा मालवणीत म्हणायचे, "दोन्ही बैलांनी सारखा ओढूक व्हया." दर दोन-तीन महिन्यांनी दोघे भाऊ पॅसेजमध्ये बसून ते जुळवायचे. दादा ॲक्सिलरेटरची मूठ धरायचे. मामा फिशटँकची नळी घ्यायचे, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी डावा ऐकायचा, मग उजवा. दोन्हीकडून सारखी 'सूंऽऽ' आली की काम झालं.

इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून त्यांची एक खूण होती. मामा पेट्रोलच्या टाकीवर बोटाने वाजवायचे.

एकदा वाजवलं तर अजून नाही.

दोनदा वाजवलं तर जुळलं, गाडी ने.

त्या शेवटच्या रविवारी वर टीव्हीवर मॅच रंगात आली होती. मामांनी डावा ऐकला. उजव्याचा स्क्रू फिरवला. तो स्क्रू जागेवर धरून ठेवणारा चेकनट आवळायचा राहिला. आणि उजवा न ऐकताच त्यांनी टाकीवर दोनदा वाजवलं.

टक्. टक्.

दादांनी विचारलंसुद्धा नाही. भावावर विश्वास होता.

नट ढिला असला की हादऱ्याने स्क्रू फिरत जातो. वायर ताणली जाते. मग मूठ सोडली तरी गाडी पळतच राहते. उतारावर काय झालं असेल, ते मामा अकरा वर्षं रोज बघत होते. डोळे मिटले की दिसायचं. मोडकी गाडी घरी आली तेव्हा त्यांनी नट बघितला, ढिलाच होता. गुपचूप आवळला आणि वर ताडपत्री टाकली.

आता निधी चोवीस वर्षांची झाली होती. सहा महिने खपून तिने गाडी उभी केली. फक्त कार्बोरेटर राहिले. गॅरेजवाला म्हणाला, हे जुनं काम आता कुणाला येत नाही, घरीच कुणी जाणकार असेल तर बघा.

"काका, तुम्हीच करा ना. बाबांबरोबर तुम्हीच करायचात."

नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

निधीने मूठ धरली. इंजिन सुरू झालं. मामा खाली बसले, नळी कानात घातली.

डावा... सूंऽऽ. स्वच्छ.

उजवा...

काहीच नाही.

मामांनी नळी फुंकून बघितली. मोकळी होती. इंजिन तर दोन्ही सिलेंडरवर चाललं होतं, दोन्ही सायलेन्सर तापले होते. मग हवा जात होती कुठून?

पुन्हा कान लावला.

आतली शांतता रिकामी नव्हती... कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी होती.

आणि टाकीवर वाजलं.

टक्.

एकदाच.

मामांनी वर बघितलं. निधीचे दोन्ही हात हँडलवर होते.

"तू वाजवलंस?"

"काय?"

पत्रा तापून वाजला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. थोड्या वेळाने उजव्यातूनही 'सूं' आली. त्यांनी स्क्रू फिरवून जुळवलं. पाना घेऊन चेकनट दम लावून आवळला. निधीने नेलपॉलिशची बाटली आणली आणि नट-स्क्रूवर मिळून एक लाल रेघ ओढली. नट जरा जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसेल, असा तिचा हिशोब.

मामांनी दोनदा वाजवायला बोट उचललं.

बोट टाकीला लागायच्या आत...

टक्.

मामांनी खाली बघितलं. लाल रेघ तुटली होती. नट बोटाने फिरत होता.

त्यांनी पुन्हा आवळला. पुन्हा रेघ ओढली. पुन्हा...

टक्.

रेघ पुन्हा तुटली. या वेळी निधीनेही पाहिली. मामा पुन्हा पाना लावून नट आवळायला लागले. तिने रेस कमी केली आणि खाली वाकून म्हणाली, "काका, एवढं काय टेन्शन घेताय? नटाने काय होतंय? बाबा वेगात होते म्हणून गेले ना."

झालं. मामा तिथेच फरशीवर बसले.

म्हणाले, "वेगात नव्हता गं तो."

मग सगळं बाहेर पडलं. मॅच, ढिला नट, न ऐकलेला उजवा, खोटं वाजवलेलं. अकरा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते दोन मिनिटांत सांगून झालं. निधी ऐकत होती. तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

पॅसेजमध्ये एकदम शांत झालं. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

सूंऽऽ...

मामांच्या हातातली नळी चालूच होती.

इंजिन बंद. तरी नळीतून हवा ओढल्याचा आवाज येत होता. दोघांनाही ऐकू येत होता.

निधीने ती नळी त्यांच्या हातातून घेतली. कानाला लावली. मामा सांगतात, ती अर्धं मिनिट हलली नाही. डोळे भरले, पण पुसले नाहीत. एकदा तिने मान डोलावली, समोरच्याला 'हो' म्हणावं तशी. मग नळी खाली ठेवली. आवाज थांबला होता.

"आमच्या घरी चला," ती म्हणाली. "आई जागी आहे. जे मला सांगितलंत ते तिलाही सांगा."

रत्नप्रभामामी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मामांनी दारात उभं राहूनच सांगितलं. आत जायचं धाडस झालं नाही. तिने हातातला टॉवेल पूर्ण घडी करून बाजूला ठेवला.

"अकरा वर्षं मी त्यांना बोल लावला, भावोजी," ती म्हणाली. "वर्षश्राद्धाला पान वाढतानासुद्धा. पोरीच्या देखत. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मामी ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात.

निधी आता ती गाडी चालवते. परवाच कणकवलीला जाऊन आली. त्या दिवशी नंतर तिसऱ्यांदा ओढलेली लाल रेघ अजून शाबूत आहे. नळीत काय ऐकलं, ते मी तिला विचारलं.

"ते माझ्यासाठी होतं," एवढंच म्हणाली आणि विषय बदलला.

मामांनी मात्र पिच्छा सोडला नाही. एकदा, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा हात जोडले. "निधी, दादा माझ्याबद्दल काय म्हणाला, तेवढं सांग. शिव्या दिल्या असतील तरी चालेल."

तिला सांगायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाली,

"काका, बाबा बरंच बोलले. पण त्यांनी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

याचा अर्थ त्यांनी माफ केलं की उलटंच काही, ते मामांना अजून कळलेलं नाही. मलाही नाही.