मांडलिक

१९९७च्या हिवाळ्यात उम्म अल कुवैनच्या खाडीलगत उत्खनन चाललं होतं. सत्यजित रोज शारजाहून तिथे जायचा आणि पत्र्याच्या केबिनमध्ये बसून सापडलेल्या वस्तूंची मोजून-मापून चित्रं काढायचा.

सोमवारी भिवाने ट्रेमधून मातीचा एक ठसा आणून ठेवला. भिवा संगमेश्वरकडचा मजूर, वस्तू फार जपून हाताळणारा. ठसा दोन बोटं रुंद होता. सिंहासनावर इराणी सम्राट, समोर कमरेत वाकलेला या किनाऱ्याचा राजा. सम्राटाचा मांडलिक. त्याच्या मान्यतेवाचून या राजाच्या हुकमाला किंमत नव्हती, असं उत्खननाच्या प्रमुख बाईंनी सांगितलं.

मंगळवारी सत्यजितने चित्र पुरं करायला ठसा भिंगाखाली धरला.

राजा ताठ उभा होता.

कालच्या चित्रात तो वाकलेलाच होता. सत्यजितची रेघ अर्ध्या मिलिमीटरनेही चुकत नसे. म्हणजे कुणीतरी ठसा बदलला होता, आणि केबिनमध्ये त्याच्याशिवाय एकच माणूस यायचा.

"भिवा, खरा ठसा कुठंय?"

"हाच तो, साहेब." भिवा ठशाकडे बघत नव्हता. "सोमवारपासून मी हात लावलेला नाही. तुम्हीपण लावू नका."

"का?"

"त्याला वाकायला आवडत नाही."

चोर असलं काहीतरी बोलणारच, असं सत्यजितला वाटलं. त्याने मुकादम खैरुद्दीनला कळवलं. खैरुद्दीन रत्नागिरीचा, म्हणजे भिवाच्याच मुलखातला, पण त्याने वर रिपोर्ट दिला. भिवाची परत पाठवणी ठरली. सत्यजितने ठसा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

बुधवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. ठशावर राजा सिंहासनावर बसला होता. सम्राट त्याच्यासमोर वाकला होता.

सत्यजित तसाच धावत खैरुद्दीनकडे गेला.

"भिवाला थांबवा. चूक माझी झाली."

"खलास, साहेब. आत्ताच एअरपोर्टला सोडून आलो." खैरुद्दीनने नजर वळवली. "भिवाने उतरताना एवढंच विचारलं, साहेब अजून तो ठसा बघतात का म्हणून."

सत्यजित केबिनमध्ये परतला. त्याने भिंग उचलून ठशावर धरलं.

वाकलेल्या सम्राटाच्या मागे आणखी एक माणूस वाकला होता, हातात भिंग घेऊन. सत्यजितने त्याच्या पाठीला नख लावलं.

माती ओली होती.