मिटक्या

खरं सांगते, विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी दातांची डॉक्टर आहे. रोज लोकांच्या तोंडात हात घालते. किळस हा प्रकार मला परवडत नाही.

पण त्या दिवसापासून मला माझ्या स्वतःच्या लाळेची किळस येते.

भुतं म्हणे रात्री दिसतात. आमचं भर दुपारी घडलं, मॅटिनीच्या वेळेला. बंद पडलेल्या थिएटरात. तिथे माझा मामा उभा जन्म ऑपरेटर होता, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून मशीनवर सिनेमा चालवायचा.

मामाला एक खोड होती. एखाद्या सिनेमाचा मुक्काम संपला की शेवटच्या खेळानंतर तो त्यातला आपल्या आवडीचा एक शॉट कापून ठेवायचा. असे कापलेले तुकडे जोडून त्यानं स्वतःचं एक रीळ बनवलं होतं. त्यात मारामारी नाही, नाचगाणं नाही. दुकान बंद करणारी बाई शटर ओढते आणि तिचा हात तसाच कडीवर राहतो. निघालेल्या बसला एक म्हातारा हात करतो, पण चुकीच्या खिडकीकडे बघून. असलं सगळं.

मामा म्हणायचा, भारी सिनेमा ओळखायची खूण एकच. त्यात कुणीतरी काहीच करत नाही, आणि तरी आपल्याला उठवत नाही.

जेवताना तो हे शॉट सांगायचा. मामीचे कान किटले होते. घास तोंडात असतानाच ती म्हणायची, "आता म्हातारा हात करेल, तेवढी भाजी संपवा."

माझा आवडता शॉटही त्याच रिळात होता, अगदी शेवटी. न्हाव्याचं दुकान. खुर्चीत बाप. बाकावर त्याची छोटी मुलगी. बाप आयुष्यात पहिल्यांदा दाढी काढतोय. निम्मा चेहरा साफ होतो, बाप वळून मुलीकडे बघतो, न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबतो. संगीत नाही, काही नाही. मग ती मुलगी जे करते, त्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. ते काय, हे शेवटी सांगते.

त्या शॉटच्या चार चौकटी, म्हणजे फिल्मवरची चार चित्रं, मामानं मला लहानपणी कापून दिल्या होत्या. स्टीलच्या छोट्या डबीत. आजही माझ्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्या सिनेमाची दुसरी प्रत कुठेच उरलेली नाही, मी खूप शोधली.

तर, मामाला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर जाणार, फार दिवस नाहीत. मामा रडला नाही. एवढंच म्हणाला, "जायच्या आधी एकदा माझं रीळ बघू दे. मग आत अंधार असला तरी चालेल, बघायला काहीतरी असेल."

रीळ थिएटरच्या केबिनमध्येच होतं. मामीनं ते कधी घरात येऊ दिलं नव्हतं. तिचं कारण होतं उस्ताद.

उस्ताद म्हणजे मामाला काम शिकवणारा म्हातारा ऑपरेटर. तो केबिनमध्येच खुर्चीत बसल्या बसल्या गेला, त्याला आता कित्येक वर्षं झाली. पाठीमागे सगळे त्याला मिटक्या म्हणत.

का, ते सांगते. तुटलेल्या फिल्मला जोड द्यायचा तर चित्राची बाजू कुठली हे कळावं लागतं. अंधारात दिसत नाही, म्हणून ऑपरेटर फिल्म ओल्या ओठाला लावतात. चिकटली की ती चित्राची बाजू. सगळेच करतात.

उस्ताद मात्र चाटायचा. अख्खी पट्टी जिभेवरून ओढायचा, मिटक्या मारत. कुठला सिनेमा भारी, ते तो चवीवर ठरवायचा. मामानं एखादा शॉट कापला की पहिला मान उस्तादचा. मामा पट्टी पुढे धरून म्हणायचा, "घ्या उस्ताद." उस्तादनं उष्टी केली की मगच ती रिळात जायची.

मामी म्हणायची, असलं उष्टं घरात नको. मी तिला हसायचे.

थिएटरच्या मालकानं मशीन भंगारात द्यायच्या आधी एक दुपार आम्हाला दिली. किल्ली हातात ठेवून तो जेवायला निघून गेला.

केबिनमध्ये पाय टाकला आणि वास आला. आंबट, तिखट. मामा म्हणाला, जुनी फिल्म अशीच आंबते, घाबरू नकोस दातवाले. मी रीळ उलगडून शेवटची पट्टी उजेडाला धरून पाहिली. चित्रं शाबूत होती. मुलगी, बाक, न्हावी... सगळं जागच्या जागी.

लावताना सुरुवातीलाच फिल्म तुटली. मामा चाचपडत जोड द्यायला बसला. पट्टी ओठाला लावली. आणि जुन्या सवयीनं, बघतही नव्हता तो, पट्टी बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे धरली.

"घ्या उस्ताद," म्हणाला.

मग स्वतःच हसला. मीही हसले.

पट्टी त्याच्या बोटांतून किंचित ओढली गेली...

मला तसं वाटलं.

मशीन सुरू करून आम्ही खाली येऊन बसलो, पुढच्या रांगेत, मामाला दिसावं म्हणून. स्पीकर केव्हाच विकले गेले होते. वरून फक्त मशीनची घरघर.

पडद्यावर बाई आली. मामानं माझा हात धरला. "आता बघ. शटर ओढेल, आणि हात तिथेच ठेवेल."

बाईनं शटर ओढलं.

आणि तिचा चेहरा घसरला...

उन्हात मेण ओघळतं तसा खाली ओघळला. मागे पांढरा पडदा राहिला. हात नाही, शटर नाही, काही नाही.

मी म्हटलं, "मामा, बाईचं काय झालं?"

"कुठली बाई?" मामा म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. बस आली. म्हातारा आला. हात वर केला. तो हात कोपरापासून विरघळला, मग म्हातारा, मग बस. पांढरं.

"मामा, आता म्हातारा सांग."

मामा पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या हाताची पकड सैल झाली होती. एका लहान मुलासारखा म्हणाला, "कोण म्हातारा गं?"

तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. घरघरीच्या खालून...

लपलप. लपलप.

आणि मध्येच एक मिटकी.

मी उठले आणि जिना चढले. मला मशीन थांबवायचं होतं, बस. मामाचे उरलेले शॉट वाचवायचे होते.

केबिनमध्ये कुणी नव्हतं.

पण वास बदलला होता. फिल्मचा आंबट वास मी मघाशी घेतला होता, हा तो नव्हता. हा वास माझ्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं तोंडातच ठेवलेली कवळी काढली की येतो, तो.

मशीनमधून निघणारी फिल्म सरळ खालच्या चाकावर जायला हवी. ती जात नव्हती. वाटेत बाहेर वळली होती, रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिथून परत येत होती.

जाताना तपकिरी. परत येताना काचेसारखी स्वच्छ, आणि ओली.

मी खटका बंद केला. फिल्म सैल पडली. मशीन थांबलं, तरी मिटक्या थांबल्या नाहीत... मग कुणीतरी सावकाश, समाधानानं गिळलं.

मी पट्टी उचलली. कोमट होती. बोटं दूर केली, तर मध्ये तार आली. मालक नंतर म्हणाला की ओल धरली असेल, फिल्मचा लगदा होतो. असेल. पण लाळ ओळखणं हा माझा धंदा आहे. मी तिथेच कोपऱ्यात ओकले.

मशीनमध्ये अजून न गेलेल्या भागासकट रीळ शेवटपर्यंत साफ झालं होतं. बाकावरच्या माझ्या मुलीसकट.

परत येताना मामा खुशीत होता. म्हणाला, "झाला का सिनेमा? चांगला होता?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता मामाची नजर पूर्ण गेली आहे. त्याला केबिन आठवते, मशीन आठवतं, मी आठवते. रिळातला एकही शॉट आठवत नाही. आत बघायला काही उरलं नाही. रोज जेवताना मामी त्याला ते शॉट सांगते. तीच मामी. शटर ओढणारी बाई, चुकीची खिडकी, सगळं तोंडपाठ आहे तिला. मामा नव्यानं ऐकतो आणि विचारतो, "कुठे पाहिलास हा सिनेमा?" मामी भाजी वाढते आणि डोळे पुसते.

माझा शॉट मात्र तिला ठाऊक नाही. तो मामानं मलाच दिला होता. म्हणून दवाखाना उघडण्याआधी मी तो रोज स्वतःला सांगते. डबी उघडून बघायची माझी हिंमत नाही.

काल एका पेशंटनं नाक मुरडलं. म्हणाला, "डॉक्टर, इथे काही आंबलंय का?"

मी ड्रॉवरजवळ वाकले. आतून...

लपलप.

ती मुलगी काय करते ते शेवटी सांगते, असं मी म्हटलं होतं. सकाळी लिहायला बसले तेव्हा मला ते आठवत होतं. आता सांगते. न्हाव्याचं दुकान. खुर्चीत बाप. निम्मा चेहरा साफ होतो. बाप वळून बघतो. वस्तरा हवेत थांबतो.

बाकावर कोण बसलं होतं?