पुसलेले मेसेज

बस इथं. चहा निवायच्या आत पी आणि मधे बोलू नकोस. तुला या खोलीत रुजू होऊन तीनच दिवस झालेत, पण आता सांगायलाच हवं.

काम तुला ठाऊक आहे. एकच मजकूर एका मिनिटात वीस-पंचवीस नंबरांना निघाला, किंवा त्यात लिंक असली, की आपल्या मोबाइल कंपनीचं यंत्र तो अडवतं आणि आपल्यापैकी कुणाच्यातरी संगणकावरच्या पेटीत टाकतं. आपण बघायचं आणि बटण दाबायचं, ‘जाऊ दे’ नाहीतर ‘पुसा’. लोकांना वाटतं, त्यांचं बोलणं त्यांच्यातच राहतं. कसलं काय. कुणाचं सूत कुठं जुळलंय, कोण सासूला काय म्हणतं, सगळं आम्हाला तोंडपाठ. चहाच्या वेळी त्यावर पोट धरधरून हसायचो. आणि चहाला उठण्याआधी झाडू मारायचो, म्हणजे पेटीत उरलंसुरलं एकदम निवडून पुसून टाकायचं. पेटी रिकामी दिसली की साहेब खूश.

एका दुपारी, चाराला पाच कमी होती, झाडू मारता मारता एक मजकूर दिसला. ‘तळघरात अडकलेय. दार उघडत नाही. धूर येतोय. कुणीतरी या.’ खाली नकाशाची लिंक. सत्तावीस नंबर. मी वाचला. नीट वाचला, खोटं कशाला बोलू? असली सोंगं रोज दहा येतात, असं म्हटलं, पुसला आणि चहाला गेले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर एक म्हातारी आली. कुणाचं ऐकेना म्हणून मला वर बोलावलं. तिची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. त्याला आग लागली, तेव्हा तळघरात गुदमरून गेली. म्हातारीचं विचारणं एकच होतं.

“शेवटी तिला माझी आठवण नसेल का हो झाली? एक मेसेजसुद्धा नाही?”

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

“नाही आजी,” मी म्हटलं. “काही आलं नव्हतं. आणि आम्ही कुणाचे मेसेज वाचत नाही.”

ती मान खाली घालून निघून गेली. मला माझीच किळस आली, गं. अजून येते.

खाली आले तर खोलीत जळक्या कापडाचा वास. खिडक्या बंद. पेटीत एकच मजकूर होता. तोच. पाठवणारा नंबर कंपनीनं बंद केलेला, आणि जायचा होता फक्त आईला. तरी पुसला. दुसऱ्या दिवशी, चाराला पाच कमी असताना, पुन्हा तोच वास... पुन्हा तोच मजकूर. अकरा दिवस पुसला मी. पोचला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं, दुसरं काही कारण नाही.

बाराव्या दिवशी मात्र सहन होईना. म्हटलं, नोकरी गेली तर गेली, लेकीनं आपल्याला हाक मारली होती एवढं तरी त्या माउलीला कळू दे. ‘जाऊ दे’ दाबलं. वास विरला. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

मग पेटीत म्हातारीचं उत्तर येऊन पडलं. बंद नंबराला पाठवलेलंही आपल्याकडेच येतं ना.

‘मिळाला, बाळा. आधीचे अकराही मिळालेत. त्या बाई उगीच रोज पुसतात. त्यांना सांगू का?’

मी बघत राहिले. खाली आणखी एक ओळ उमटली. बंद नंबरावरून.

‘नको आई. तिला पुसू दे.’

याला वर्ष झालं. ती ओळ माझ्या पेटीतून हलत नाही. रोज पुसते, मान वर करते तोवर पुन्हा हजर. केलं तसं भरावं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आज सकाळी पेटी उघडली, तर तिच्यातला एक शब्द बदललाय.

‘दोघींना पुसू दे.’

खरं सांग... काल चहाआधी तू काय पुसलंस?